ब्रोकोलीखालचं तणस

आत्याबाई, तुम्ही मला विसरल्या असाल. नवल नाही. जिवंतपणीच तंबाखूची डबी कनवटीला खोसून तुम्ही साऱ्या घराला ती शोधायला लावायच्या, अन् सापडली की आमच्याच तोंडाकडे बघायच्या, जणू आम्हीच लपवली होती. आता तर तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्याच डोक्यात काळा केस शोधावा लागतो. म्हणून ओळख सांगते. मी तुमची सून, आंधळगावची, विणकराच्या घरची. जिला धान कोणतं अन् गवत कोणतं हे लग्नानंतर कळलं, ती. बोलते मी अन् लिहिते माझी सून. मला लिहिता येत नाही, तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पत्र आपल्या दोघींच्या हातून बिघडायची भीती नाही. ही माझं बोलणं सुधारून शाळेच्या भाषेत उतरवते आहे. उतरवू दे. तुमचं बोलणं मात्र होतं तसंच लिही म्हटलं आहे, कारण ते सुधारणं तुमच्या नवऱ्यालाही जमलं नव्हतं.

घरामागची सांदवाडी तरी आठवते का? विहिरीपासून गोठ्यापर्यंतची ती पट्टी, जिथं सकाळी ऊन उशिरा येतं अन् दुपारी मग हटत नाही. तिथं आता विटा येऊन पडल्या आहेत. दसरा झाला की गवंडी येणार, सिमेंट टाकणार, अन् तुमचा नातू तिथं आपली गाडी उभी करणार. गेल्या वर्षीच करणार होता, पण त्याची बायको, ही लिहिणारी, त्याला म्हणाली की मला एक हिवाळा द्या. मी तिथं भाजी लावते. जमली तर पट्टी माझी, नाही जमली तर तुमच्या गाडीची. तो म्हणाला, "घरापुरती भाजी तं कोनीही काढते. बाजारात नेण्यासारखी काढून दाखव." त्यानं एक हिवाळा दिला. तो हिवाळा मी बुडवला, आत्याबाई, अन् बुडवताना तुमचं नाव पुढं केलं. एवढं सांगायला हे पत्र आहे. बाकीचं सारं त्याची शेपूट.

हिनं लावली ब्रोकोली. तुम्ही पाहिली नाही. आपल्या फुलकोबीची हिरवी बहीण समजा, अन् स्वभावानं अगदी तुमच्यासारखी, मनासारखं झालं नाही तर रुसणारी. तिला गारवा पाहिजे. रात्र थंड पाहिजे, दुपारचं ऊन कोवळं पाहिजे अन् बुडाची माती तर त्याहून गार पाहिजे. माती तापली की तिचं चित्त बिघडतं. गड्डा घट्ट बांधायचा सोडून ती घाईनं फुलावर येते, दाणा दाणा सुटा होतो, पिवळा पडतो, अन् मग ती ना भाजीची राहत ना देवाला वाहायची. हे सारं हिला आधीपासून ठाऊक होतं. रोपं ओसरीच्या सावलीत वाढवली, दिवाळीनंतर थोडी लावली, ती पौषात घरापुरती निघाली अन् चांगली निघाली. मोठी लावण, बाजाराची, ती मात्र मागं पडली. कारण धानाची कापणी आली, मग चुरणा आला, सारे हात मळणीला लागले, अन् रोपं बिचारी आपली पाळी येईपर्यंत ओसरीवर उभी राहिली. आपल्याकडे धान घरात आल्याशिवाय दुसऱ्या कशाला कोणी हात लावत नाही, ते तुम्हीच शिकवलं. उशीर झाला तसा गड्डे धरायची वेळ माघाच्या शेवटी येऊन ठेपली, अन् आपल्या भंडाऱ्याकडचा माघ सरता सरता कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पहाटे गोधडी लागते अन् दुपारी पायाला चटका बसतो.

म्हणून ही त्या ऊन-थंडीच्या मागं लागली होती. पहाटे पाणी घालायची, दुपार चढली की हिरवी जाळी ओढायची, ऊन कललं की सोडायची. मोबाइलमध्ये बघून म्हणायची, "आज बत्तीस जाईन म्हणते." मी विचारायचे, "त्याले घाम आला का व?" ही हसायची. शेजारणी आल्या की मी सांगायचे, "आमच्या घरी कोबीले एसी लागते बाई, मले मात्र हातपंखा." त्या हसायच्या, ही पण हसायची. माझा टोमणा हिला टोमणा वाटतच नव्हता, हेच मला टोचायचं. अन् एक दिवस त्यातली एक, पदर खोसून गड्ड्यांवर वाकली अन् म्हणाली, "तुमच्या सुनेच्या हाताले गुण हाये व." एवढंच. वाईट काही बोलली नाही. पण मी जन्मभर त्याच पट्टीत वांगी काढली, वाल काढले, कारली काढली, माझ्या हाताला गुण आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. ते शब्द मी घरात घेऊन आले अन् भाकरीबरोबर खाल्ले.

दुसऱ्याच दिवशी ही मला विचारायला आली. "आई, चार पेंढ्या तणस घेऊ का जी? माती तापून राहिली. बुडाशी आंथरलं तं गार राहीन." त्या हिवाळ्यात धान झोडून उरलेलं तणस भरपूर होतं, ढीग गोठ्याच्या वर गेला होता. मी नुसतं 'घे' म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "घे ना. पण आमच्या सासूनं तणस कधी भुईले लागू देलं नाही. गायीचं ताट म्हनत होती थे. तिनं पाह्यलं असतं तं हात तोडला असता तुया." हिनं पुढं केलेला हात मागं घेतला. तुमचा नातू तिथंच दात घासत उभा होता, तो म्हणाला, "अवो आई, त्या कधीच्या गेल्या. घे व तू, घे." तेव्हा हिनं घेतलं, पण आधी गोठ्यात जाऊन गायीला हात जोडले. खरंच जोडले. मी ओसरीवरून बघत होते. तुम्हाला कधी न पाहिलेली ही पोर तुम्हाला भिऊन गायीची माफी मागत होती, अन् मी सुपारी कातरत होते.

मी खोटं बोलले नव्हते म्हणाल तर नव्हते. अर्धं खरं होतं. माझ्या लग्नानंतरचा पहिला चुरणा तुम्हाला आठवणार नाही, पण मला आठवतो. खळ्यावर साऱ्यांना पेज घेऊन आले होते, थकले, अन् पेजेचा गंज बाजूला ठेवून एका पेंढीवर टेकले. विणकराच्या घरी सुताच्या लडीला पाय लागला तर आम्ही पाया पडायचो, पण तणस म्हणजे मला गवत वाटत होतं. तुम्ही खळ्याच्या त्या टोकावरून ओरडल्या, "ऊठ! गायीच्या ताटात बसून राहिली का व?" सारे मजूर हसले. तुमचे मालक, मामाजी, तेही हसले. मी उठले अन् परत कधी तणसावर पाय दिला नाही. तेवढं मी हिला सांगितलं. त्याच वर्षीचं पुढचं सांगितलं नाही.

माहेरच्या बाजारातून मी फुलकोबीची रोपं आणली होती. तुम्ही तेव्हाही उशीरच म्हणाल्या होत्या. लावून तर दिली, अन् गड्डे धरायच्या वेळेला असंच ऊन उलटलं. दुपार आहे, मी विहिरीपाशी भांडी घासते आहे. तुम्ही येता, वाकता, अन् लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात मातीला लावता. म्हणता, "हिले ताप हाये." मला वाटतं आता मला बोलणी बसणार. तुम्ही वळता, सरळ ढिगाकडे जाता, अन् कवेत मावेल एवढं तणस घेऊन येता. गायीच्या ताटातलं. मामाजी ओसरीवर जेवायला बसलेले, तिथून ओरडतात, "थे काय करून राहिली? गाय काय खाईन?" अन् तुम्ही मान वर न करता सांगता, "गायीले मी समजावीन. तुमी जेवा गुमान." एकेका रोपाच्या बुडाशी तुम्ही तणस दाबून बसवलं, वरून पाणी शिंपडलं, अन् मग घरातल्या साऱ्या बांबूच्या टोपल्या आणून एकेका गड्ड्यावर पालथ्या घातल्या. ऊन कललं की काढायच्या, दुसऱ्या दुपारी परत घालायच्या. ती रांग दिसायची कशी, तर डोक्यावरून पदर घेऊन पंगतीला बसलेल्या बायकांसारखी. घरात पोहे पाखडायला टोपली राहिली नाही. तुम्ही ताटात पाखडले.

गड्डे झाले मुठीएवढे. पण घट्ट झाले, पांढरे झाले. तुम्ही चुलीपाशी बसून ते स्वतः चिरले, प्रत्येकाच्या ताटात एकेक तुरा तरी यावा म्हणून इतके बारीक केले की खाणाऱ्याला विचारावं लागलं, भाजी कशाची आहे. अन् जो विचारेल त्याला तुम्ही सांगितलं, "आमच्या सुनेनं पिकवली." टोपल्यांचं नाव काढलं नाही, तणसाचं काढलं नाही. मी तोंड उघडलं तर चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारून मला धुरात गप्प केलं. जेवणं झाल्यावर मामाजींसमोर म्हणाल्या, "विहिरीपासून गोठ्यापर्यंत आता इची. कोनी मंधात याचं नाही." ती पट्टी मला अशी मिळाली. अन् हिनं तणस मागितलं तेव्हा मी त्याच बाईला हात तोडणारी करून ठेवलं.

पुढचं ऐका. हिच्या वडिलांचं लाखनीला पडून कमरेचं हाड मोडलं. हिला धावत जावं लागलं. जाताना पायरीवर उभी राहून सांगून गेली, दुपारी जाळी ओढा, तणस सुकलं तर शिंपडा, बाकी काही नाही आई, तेवढं पंधरा दिवस सांभाळा. मी 'हो जा' म्हटलं. ती गेली त्या दुपारी मी पट्टीत गेले. तणसाखाली उलटा हात घातला. गार होती माती, आत्याबाई. चांगली गार होती. गड्डे सुपारीएवढे होते, घट्ट, निळसर. उभं राहून मी ते पाहिले अन् मला शेजारणीचे शब्द ऐकू आले. मग मी खाली बसले अन् एकेका बुडाचं तणस उपसत गेले. तोंडानं म्हणत होते, "आमच्या सासूनं हे खपवून घेतलं नसतं." कोणाला ऐकवत होते कोण जाणे, तिथं कोणीच नव्हतं. सारं कवेत भरून गायीपुढं टाकलं. गाय पोटभर खाऊन बसली होती. तिनं हुंगलं, माती लागलेलं, ओलसर, अन् तोंड फिरवलं. गायीच्या नावानं केलेलं ते गायीलाही नको होतं. मी तेव्हा तरी परत न्यायचं. नाही नेलं. जाळीची गाठ मला सुटत नाही असं मी ठरवलं, अन् ती मग खरंच सुटेना.

ही रोज फोन करायची. "माती गार हाये ना जी, आई?" मी म्हणायचे, "हाये हाये. तू बापाकडे पाय." त्या पंधरवड्यात ऊनही असं पडलं की जणू मला साथ द्यायला आलं होतं. आधी गड्ड्यांचे दाणे सुटे झाले, मग वर पिवळं दिसायला लागलं, मग माश्या आल्या. एका सकाळी पाहिलं तर सारी पट्टी मोहरीच्या शेतासारखी फुलली होती. तेव्हा मला भीती वाटली. पाप केलं म्हणून नाही, सापडेन म्हणून. ही येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी ढिगातून नवं कोरं तणस काढलं अन् प्रत्येक बुडाशी आंथरलं. चांगलं जाड आंथरलं. तुम्ही दाबून बसवायच्या तसंच दाबून बसवलं. हात विसरले नव्हते.

ही आली. पिशवी खाली न ठेवता मागं गेली. मी मागोमाग गेले, कारण न जाणंही दिसलं असतं. हिनं ती पिवळी फुलं पाहिली. मग खाली वाकली, तणस चाचपलं, अन् माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुमी नवं तणस टाकलं? तुमच्या सासूचा नेम मोडून टाकलं?" अन् माझा हात धरला. म्हणाली, "तुमी केलं तेवढं केलं जी. मायंच चुकलं. मीच उशिरा लावली." त्या संध्याकाळी नवऱ्यालाही तेच सांगितलं, सासूनं गायीचं तणस दिलं पण माझ्याच्यानं जमलं नाही. शेजारणींनाही सांगितलं. साऱ्या गल्लीत माझं नाव झालं. ती जिनं गुण म्हटला होता ती मला म्हणाली, "अशी सासू भेटावी." मी पदरानं तोंड पुसलं. लोकांना वाटलं, भरून आलं.

इथवर सांगितलं अन् हिनं पेन खाली ठेवलं. उठली, विहिरीवर गेली, हात धुतले. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, अन् झाला असता तर बरं झालं असतं. परत येऊन बसली अन् विचारलं काय, तर, "टोपल्या खरंच घालत होत्या का जी त्या?"

"हो."

"अन् सांजच्याले काढत?"

"ऊन कललं का काढत."

"मंग मले काहून नाही सांगतलं? जाळी आणाले मी उनातानात भंडाऱ्याले गेली. घरात एवढ्या टोपल्या लटकून राहिल्या."

मग हिचा आवाज बदलला. "मी रोपं उपटली त्या दिवशी विहिरीपाशी रडून राहिली होती, अन् तुमी आतून चहा मांगून राहिल्या होत्या. दोनदा मांगला. मी आणून देला." मी मान हलवली. "हे पण लिहू?" मी म्हटलं, लिही. हिनं लिहिलं. त्या ओळीला हिला बाकीच्या ओळींपेक्षा जास्त वेळ लागला.

मग मी म्हटलं, तुझा नवरा आला की हे त्याला वाचून दाखव, विटा हलवेल. ही म्हणाली, "नाही जी. मी वाचून दाखवनार नाही. तुमच्या तोंडानं सांगा त्यायले." पुढच्या वेळी लावशील का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. हिनंही सांगितलं नाही. रोपांचे दिवस दारात आले आहेत, हे हिलाही ठाऊक आहे अन् मलाही.

तेव्हा असं आहे, आत्याबाई. तो तुमसरच्या राइस मिलमधून दिवेलागणीला येतो. आज येईल तेव्हा सांगेन. आपल्या पोटच्या पोराला सांगायचं तर जीभ जड होते, अन् एवढ्या वयात होते हे कोणाला सांगितलं तर हसतील. तुम्हाला नेमकं काय सांगायचं होतं तेही आता कळतं. सांगायचं हिला होतं. हिच्याकडे बघून बोलवत नव्हतं, म्हणून तुमच्याशी बोलायचं नाव केलं अन् हिच्याकडे पाठ करून बसले. अजून पाठच आहे. पाठीमागं पेनाचा आवाज येतो आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकणार तरी कुठं? कोणाला वाचून दाखवायचं नाही, घडी करून पेटीतही ठेवायचं नाही. अन् बाई, आता हे तुला सांगते, पण लिही. उद्या पित्तरात या आत्याबाईंच्या नावाचं पान आहे. यांच्या पानावर उडदाचे वडे ठेवू नको. शेवटची कितीतरी वर्षं यांच्या तोंडात दात नव्हता, अन् मी दरसाल कडक वडे वाढून हात जोडते. भात मऊ शिजव, लाखोळीचं वरण पातळ कर, अन् दोन्ही चांगलं कालवूनच पाठव.